‘कुठे’चा रकाना

सुमन आणि प्रकाश यांच्या लग्नाची बातमी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आमच्या दैनिकाच्या तिसऱ्या पानावर छापून आली. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास नेरडीगोंडा मंडलातल्या एका गावातून सुमनला जीपमध्ये बसवून नेण्यात आलं. त्यानंतर ती त्या गावात परत आली नाही. बातमी वामन दुर्गे यांनी पाठवली होती. पानावर मी लावली होती.

वामन दुर्गे आमचे वांकिडीचे वार्ताहर. त्या काळात आंध्रातल्या आमच्या मराठी पट्ट्यात वार्ताहर म्हणजे बहुतेक ठिकाणी पेपरचा एजंटच असे. जो पेपर विकतो तोच बातमी पाठवतो. वामनभाऊंचं पत्र्याचं खोकं बसस्टँडला लागून होतं. बाप सालदार म्हणून दुसऱ्याच्या शेतात राबला, वामनभाऊ सातवीपर्यंत शिकले, आणि वस्तीतल्या इतर शिकलेल्या मुलांसारखी मास्तरकी न मिळाल्यामुळे पेपरकडे आले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही विचारल्यावर. उंच, वाळका माणूस. शर्टाच्या खिशाला तीन पेनं. निळ्याने बातमी, लालने मथळा, हिरव्याने आम्हाला सूचना. हिरवी शाई अधिकाऱ्यांची असते असं मी म्हटलं, तर म्हणाले, “म्हनूनच घेतली.”

आदिलाबादला आमची कचेरी दोन खोल्यांची. वार्ताहरांचे लखोटे आसिफाबादकडून येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हाती यायचे, मी त्यातून सीमाभागाचं पान लावायचो, आणि संध्याकाळच्या बसने ते पैनगंगेपलीकडे छापखान्यात जायचं. वामनभाऊ कचेरीला ‘टेबल’ म्हणत. मी म्हणजेही टेबलच. “टेबलाले चार पाय असते साहेब, पन ते चालत नाई,” असं एका लखोट्यात हिरव्या शाईत लिहिलेलं होतं. मी त्यांची बातमी निम्मी कापली होती.

सकाळी साडेसातला बसच्या टपावरून पेपरचा गठ्ठा खाली पडला की ते सुतळी दाताने तोडत आणि पहिला अंक विकायला न ठेवता उघडत. मग उभ्याने वाचायला लागत, मोठ्याने. बसची वाट पाहणारे मजूर, भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बाया, शाळेत जाणारे मास्तर, हे सगळे ऐकणारे. तहसीलचे तेलुगू कारकूनही चहाचा ग्लास घेऊन येत. “काय दुर्गेगारू, आज काय आहे?” असं हिंदी-मराठीत, तेलुगूतलं आदराचं ‘गारू’ लावून विचारत. वाचण्याची त्यांची एक रीत होती. मथळा आधी नाही. आधी गाव, मग मंडल, मग बातमी. “मौजे अमुक, मंडल अमुक,” असं पंचनामा वाचल्यासारखं म्हणून क्षणभर थांबायचं, ऐकणाऱ्यांतल्या त्या गावच्या माणसाने मान वर केली का ते पाहायचं, आणि पुढे वाचायचं. त्यांचा आवाज खोक्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत सहज जाई. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे करतो, असं ते म्हणत. अंक कमी खपतील अशी तक्रार वितरण विभागाने केली होती. त्यांनी तिला उत्तर दिलं नाही.

गाव आधी का, याला कारण होतं. तालुके मोडून मंडलं झाली त्याला दोन-तीन वर्षंच झाली होती. वामनभाऊंनी बातमी पाठवली की खैरगावात हगवणीची साथ आहे, दोन मुलं दगावली. बातमी छापली. आरोग्य पथक निघालं आणि दुसऱ्याच खैरगावला पोचलं. त्या नावाची दोन गावं होती, दोन वेगळ्या मंडलांत. पथक खऱ्या खैरगावला पोचेपर्यंत दोन दिवस गेले. त्यात एक बाई गेली. तिच्या घरी वामनभाऊ जाऊन आले आणि तिथून थेट बसने आदिलाबादला. कचेरीत न येता खाली रस्त्यावरूनच त्यांनी मला बोलावलं.

म्हणाले, “एक कागद छापून घ्या. काय, केव्हा, कुठे, कोण, कसं. रकाने पाडा. गाव अन् मंडल नसंन तं बातमी वापस करा. कोनाचीबी असो. माहीबी करा.”

तसा फॉर्म आम्ही सायक्लोस्टाइल करून घेतला आणि सगळ्या वार्ताहरांना गठ्ठे पाठवले. ‘कुठे’चा रकाना रिकामा असला तर फॉर्म परत जायचा. हा नियम पानाला फार उपयोगी पडला. त्यानंतर चुकीच्या गावाची एकही बातमी आमच्याकडून गेली नाही.

त्यांच्या मेव्हण्याचं प्रकरण त्यानंतरचं. मेव्हणा एका वसतिगृहात स्वयंपाकी होता आणि मुलांचा तांदूळ बाहेर विकत होता. वामनभाऊंनी बातमी पाठवली. नाव, गाव, मंडल, सगळे रकाने भरून. सकाळी वाचलीही, नेहमीच्याच आवाजात. दुपारी घरी गेले तर बायकोने, यशोदाबाईंनी, त्यांच्यासमोर ताट ठेवलं नाही. त्या दिवशीचा पेपर अंथरला, त्यावर भाकर ठेवली आणि म्हणाल्या, “खा. सारं यातच भरलं हाये.” महिनाभर असंच चाललं. वामनभाऊ हे हसून सांगत. यशोदाबाई हसत नसत. “त्याच्या पोरायनं का खाल्लं तवा, हे नाई आलं पेपरात,” असं त्या मला एकदा म्हणाल्या.

वामनभाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. माणसाने आपल्या घरात काय शिजवायचं ते त्याने ठरवावं, पण त्याचा परिणाम चार लोकांवर होत असेल तर ते चार लोकांना कळलं पाहिजे. हे ते वेगवेगळ्या शब्दांत सांगत. त्यांचा यावर पूर्ण विश्वास होता.

प्रकाश त्यांच्याच वस्तीतला. बौद्ध कुटुंबातला, शेतमजुराचा मुलगा, नेरडीगोंडा मंडलात नुकताच मास्तर म्हणून लागलेला. सुमन वांकिडीजवळच्या एका गावातल्या मराठी भाजीवाल्यांची मुलगी. वडिलांचा दीड एकराचा वांगी-टमाट्याचा मळा, आठवडी बाजारात बसण्याची ठरलेली जागा. दोघं आसिफाबादला एका कॉलेजात होते. लग्नाला तिच्या घरून मान्यता मिळणार नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नाही. वयाचे कागद पक्के होते. वस्तीतल्या विहारात, बौद्ध पद्धतीने, वीस-बावीस माणसांत लग्न झालं. मुलीच्या बाजूचं कोणी नव्हतं. साक्षीदारांत पहिली सही वामनभाऊंची.

त्या दिवशी ते बोलायलाही उभे राहिले. हे लग्न दोघांचं नाही, समाजाचं आहे, अशा लग्नातूनच रस्ता निघतो, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही, असा त्यांचा मुद्दा होता. बोलणं लांबलं. प्रकाश म्हणाला, “काका, तुमी भाषन करा, आमी बस पकडतो.” सगळे हसले.

पुढचं संभाषण मला यशोदाबाईंनी सांगितलं. बसला वेळ होता म्हणून सुमन त्यांच्या घरी जेवायला बसली होती. वामनभाऊ बाजूला फॉर्म भरत होते. तिने विचारलं, “काकाजी, पेपरात टाकून राह्यले का?”

“हो तं. काऊन?”

“टाका. पन आमी कुठं राह्यतो ते नका टाकू.”

“भेते का तू?”

“भेत नाई. मले कोनाचं उदाहरन नाई व्हाचं, काकाजी. मले सैपाक करून नवऱ्याची वाट पाहाची हाये. बस.”

वामनभाऊ बरं म्हणाले. फॉर्ममध्ये ‘कुठे’चा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. बातमी अशी होती की वांकिडी मंडलातल्या तरुण-तरुणीने आंतरजातीय विवाह केला, वर शिक्षक आहे, आणि ‘नवदांपत्य आपल्या नोकरीच्या गावी रवाना झाले’. सोबत स्टुडिओवाल्याने काढलेला फोटो.

फॉर्म माझ्याकडे सोमवारी आला. मी तो परत पाठवला. लाल पेन्सिलने ‘कुठे’ला गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘गाव? मंडल?’ त्यात मला वेगळं काही वाटलं नाही. त्या दिवशी मी असे तीन फॉर्म परत पाठवले होते.

बुधवारी फॉर्म पुन्हा आला. निळ्या शाईत नोकरीचं गाव, नेरडीगोंडा मंडल. हिरव्या शाईत काही नव्हतं. ते गाव मी इथे देत नाही.

वामनभाऊंना बातमी रोखून धरता आली असती. फोन करून मला सांगता आलं असतं. आसिफाबादला जाऊन ट्रंक कॉल लावायचा तर अर्धा दिवस जायचा, पण लागला असता. नुसत्या वांकिडीच्या नावावरही मी ती छापली असती, त्यांनी हिरव्या शाईत एक ओळ लिहिली असती तर. त्यांनी रकाना भरला. मी पुढे कधीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, “नियम माहाच होता. अन् वाटलं, नेरडीगोंडा कुठं, वांकिडी कुठं. एवढ्या दूर कोन जाते.”

गुरुवारी सकाळी गठ्ठा पडला. त्यांनी सुतळी तोडली, तिसरं पान उघडलं आणि वाचायला उभे राहिले. आधी गाव, मग मंडल. मग बातमी. त्या दिवशी आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, असं तिथले चहावाले सांगतात. दोनदा वाचली.

शुक्रवारी, म्हणजे आठ दिवसांनी, प्रकाश शाळेत होता. शेजारणीने पोलिसांना दिलेल्या जबाबाप्रमाणे जीपमध्ये चार माणसं आणि एक वयस्क बाई होती. बाई खाली उतरली. ती सुमनची आई. सुमन तांदूळ निवडत होती. ती स्वतः उठून आईकडे चालत गेली. दोघी रडल्या. मग एका माणसाने सुमनला दंडाला धरून आत बसवलं. ओरडाआरडा झाला नाही. शेजारणीला वाटलं माहेरचे न्यायला आले. सूप दारातच राहिलं होतं. संध्याकाळी प्रकाश आला तेव्हा त्यात कोंबड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वांकिडीला खोक्यासमोर येऊन बसला. वामनभाऊंना तोवर काही माहीत नव्हतं.

दोघं ठाण्यात गेले. चार दिवसांनी मुलीच्या घरच्यांनी एक कागद आणून दिला. मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने माहेरी आले आहे, मला कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली सही. सही तिचीच असल्याचं प्रकाशने मान्य केलं. आणखी पंधरा दिवसांनी ती माहेरीही नव्हती. नदीपलीकडे नातेवाइकांकडे गेली, एवढं कळलं. कोणते नातेवाईक, ते कळलं नाही.

सुमनच्या वडिलांना पत्ता कसा लागला, हे वामनभाऊंना बाजारात समजलं. त्या वेळी यशोदाबाई सोबत होत्या. वडील आपल्या जागेवर बसले होते, समोर वांगी. वामनभाऊ उभ्यानेच म्हणाले की पोरगी कुठे आहे तेवढं सांगा.

वडील गिऱ्हाइकाचं माप करत होते. ते संपवून म्हणाले, “दुर्गे, तुमीच सांगतलं कुठं हाये ते. आता मले काऊन विचारून राह्यले?”

“मी?”

“माहा भाऊ पाट्या घेऊन उभा होता बसस्टँडवर. तुमी वाचलं, त्यानं आयकलं. आमाले कुठं येते वाचता. तुमी नसते तं आमाले घावली नसती. उपकार झाले तुमचे.”

ते हे टोमणा म्हणून बोलले की खरोखर, हे यशोदाबाईंना सांगता आलं नाही. वामनभाऊ वांग्यांसमोर खाली बसले. मग म्हणाले, “जिती हाये का? इतलंच सांगा. मान हलवा नुसती.”

“ते नाव आमच्या घरी नाई,” असं म्हणून वडिलांनी पुढच्या बाईला विचारलं, किती देऊ.

त्या दिवसापासून वामनभाऊंनी मोठ्याने वाचणं बंद केलं. गठ्ठा पडला की ते प्रत्येक अंक घडी न मोडता ठेवत. लोक काही दिवस लिंबाखाली थांबत, काय झालं दुर्गेगारू म्हणून विचारत. नंतर थांबेनासे झाले.

बातम्या पाठवणं मात्र त्यांनी बंद केलं नाही. उलट दर शनिवारी एक जादा फॉर्म येऊ लागला. ‘काय’ या रकान्यात सुमनचा तपास. ‘केव्हा’मध्ये तो आठवडा. ‘कसं’मध्ये ‘नाही’. आणि ‘कुठे’चा रकाना गच्च भरलेला. राजुरा, कोरपना, गडचांदूर, वणी, पांढरकवडा, मुधोळ, भोकर, त्यांच्या आजूबाजूची बारकी गावं, कधी एका आठवड्यात सहा-सात. जागा संपली की समासात, समास संपला की कागदाच्या पाठीवर. खोकं यशोदाबाई सांभाळू लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पेपरांच्या नावांचे रंग लक्षात ठेवून त्या अंक देत.

हे फॉर्म छापण्यासारखे नव्हते. मी ते एका फाइलीत लावत गेलो.

त्यांच्याजवळ सुमनची ओळख पटवायला होतं ते आमच्या पेपरातलं कात्रण. मूळ फोटो छापखान्यात गहाळ झाला होता. स्टुडिओवाल्याकडे निगेटिव्ह मिळाली नाही. कात्रणातला तिचा चेहरा हरभऱ्याएवढा, ठिपक्यांचा, शाई फुटलेला. ते त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. पुठ्ठा पुढे करून ते पाणवठ्यावर, गिरणीवर, बाजारात विचारत. लोकांना ते पोलिसांचे वाटत, किंवा लग्न जमवणारे. पांढरकवड्याकडच्या एका गावात त्यांना बायांकडे टक लावून बघतो म्हणून मारलं. पुढचे दोन दात गेले. त्या आठवड्याच्या फॉर्ममध्ये त्या गावाचं नाव होतं आणि समोर ‘नाही’. माराचा उल्लेख नव्हता. दातांचं मला कंडक्टरने सांगितलं.

तिसऱ्या वर्षी प्राणहितेच्या काठाला एका बाईचं प्रेत लागलं. वामनभाऊ प्रकाशला न कळवता गेले. तिथून त्यांनी मला पत्र लिहिलं. सोबत फॉर्म नव्हता, म्हणून ते लक्षात राहिलं. लिहिलं होतं की चेहरा ओळखण्यासारखा नव्हता, पण असता तरी आपण काय सांगितलं असतं, ठाऊक नाही. सुमनला आपण एकदाच पाहिलं, लग्नाच्या दिवशी. ती जेवत होती आणि आपण मान खाली घालून फॉर्म भरत होतो. नंतर ते प्रेत कोणा दुसऱ्या बाईचं निघालं. तिचा नवरा आला आणि घेऊन गेला.

प्रकाशने त्याच वर्षी दुसरं लग्न केलं. तोवर तो जवळजवळ दर सुट्टीला वामनभाऊंबरोबर फिरला होता. कोणी त्याला बोल लावला नाही. वामनभाऊ लग्नाला गेले, शेवटच्या रांगेत बसले. बोलायला उभं राहायची विनंती झाली तेव्हा त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. बातमी पाठवली नाही.

त्यानंतर फॉर्मवरच्या गावांची संख्या कमी होत गेली. गुडघे धरले होते. आठवड्याला एक गाव, मग महिन्याला दोन. शनिवार मात्र चुकला नाही.

सहाव्या वर्षी, पोळा होऊन तीन-चार दिवस झाले असतील, वामनभाऊ स्वतः कचेरीत आले. खैरगावच्या वेळेसही ते जिना चढले नव्हते. या वेळी चढले आणि खुर्चीवर बसून दम खाल्ला. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग पिशवीतून फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला.

‘काय’ या रकान्यात लिहिलं होतं, भेटली. ‘केव्हा’मध्ये, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘कुठे’ रिकामा.

मी विचारलं, कुठे.

“ते नाई सांगत.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्यासमोर लिहून घेतलं. एका गावात हातपंपावर एक बाई पाणी भरत होती. सोबत एक मूल, एक कडेवर. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती; ती कळशी उजव्या हाताने उचलत होती. वामनभाऊंनी पुठ्ठा दाखवला नाही. तो त्यांनी त्या वर्षापासून दाखवणं सोडलं होतं, कारण कात्रणात आता काहीच दिसत नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, बाई, तुमी सुमन का? वांकिडीकडच्या?

बाई म्हणाली, “नाई. मी ते नाई. तुमी कोन?”

त्यांनी नाव सांगितलं नाही. चुकलं म्हणाले आणि वळले. दहा-बारा पावलं गेल्यावर मागून आवाज आला. मोठा नव्हता.

“काकाजी. पेपरात नका टाकू.”

ते मागे वळले तेव्हा ती कळशी डोक्यावर ठेवत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुलाला हाताला धरून निघून गेली.

“मी पेपरवाला हाये, हे म्या तिथं कोनालेच नव्हतं सांगतलं,” वामनभाऊ म्हणाले. “आता तुमी सांगा साहेब. मी का करू?”

मी जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. हैदराबादला हायकोर्टात अर्ज करता येतो, कोर्ट तिला हजर करायला लावू शकतं. वकील मी बघून देतो. बोटांचं काय झालं ते डॉक्टर तपासतील. तिला तिथे जबरदस्तीने ठेवलं असेल तर गप्प बसणं बरोबर नाही.

“तिनं नाई म्हनलं.”

मी म्हटलं, दबावाखाली म्हणाली असेल. घाबरून म्हणाली असेल.

“असंन,” ते म्हणाले. “पयल्यांदाबी मी हेच म्हनलो. भेत असंन, पोरगी हाये, तिले का समजते. अन् रकाना भरला.”

त्यांनी ग्लास या हातातून त्या हातात घेतला. “अन् नाई सांगतलं तं ते बोटं मले दिसते. डोळे लावले का दिसते. सांगतलं तरी मीच, नाई सांगतलं तरी मीच. तिसरं काई असंन तं सांगा. तुमी शिकले हाये.”

मी प्रकाशबद्दल विचारलं. ते म्हणाले, त्याची पोरगी आता दोन वर्षांची आहे, बापाच्या मागे मागे शाळेपर्यंत जाते. सुमनला आणायचं तर आणून ठेवायचं कुठे, ते सांगा. यशोदाबाईंना सांगितलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. मलाही गाव सांगणार नाहीत का? त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. त्यावर त्या दिवशीचे फॉर्म होते, आणि लाल पेन्सिल.

“तुमाले तं नाईच,” ते म्हणाले.

पाणी ते प्यायले नाहीत. ग्लास तसाच खाली ठेवला. फॉर्म परत घेतला नाही. मी बसस्टँडपर्यंत सोबत गेलो. आसिफाबादची बस लागायला वेळ होता. बाकावर आमच्या शेजारी एक म्हातारी होती, तिने वडा बांधून आणलेला पेपरचा तुकडा उलगडला होता. तिने तो वामनभाऊंपुढे केला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाली. त्यात तिच्या गावाचं चित्र असल्यासारखं तिला वाटत होतं. त्यांनी तुकडा हातात घेतला, पाहिला, आणि परत दिला.

“चष्मा नाई आनला माय,” म्हणाले.

चष्मा शर्टाच्या खिशात तीन पेनांच्या मागे होता. बस लागली. ते खिडकीशी बसले. मी हात केला तेव्हा ते समोर पाहत होते.

पुढच्या शनिवारी लखोटा आला नाही. त्यानंतरच्याही नाही. मी दोनदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. कंडक्टर सांगायचा की खोक्यावर यशोदाबाईच असतात, दुर्गे घरातून बाहेर पडत नाहीत, जेवत नाहीत, कोणी भेटायला गेलं तर भिंतीकडे तोंड करून पडतात. मी जाऊन आलो तेव्हा ते जागे होते. मी आलेलो त्यांना कळलं. त्यांनी कूस बदलली. उशाशी कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा होता, आम्ही पाठवलेला, सुतळीसकट.

वामन दुर्गे पुढच्या मार्चमध्ये एका सोमवारी सकाळी राहत्या घरी वारले. बातमी नव्या वार्ताहराने पाठवली. चार ओळींची होती, त्यात गाव आणि मंडल होतं. मी ती तिसऱ्या पानावर लावली.

अंत्यविधीनंतर मी यशोदाबाईंना विचारलं की शेवटच्या दिवसांत त्यांनी एखाद्या गावाचं नाव घेतलं होतं का. त्या म्हणाल्या, नाही. प्रकाशला विचारलं. त्यालाही नाही. त्या भेटीची दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घेता आली नाही. सुमनच्या वडिलांनी भेटायला नकार दिला. ठाण्याच्या नोंदीत ती माहेरी सुखरूप आहे.

शनिवारचे सगळे फॉर्म माझ्याजवळ आहेत. शेवटच्या फॉर्मवर निळ्या शाईत दोन रकाने भरलेले आहेत. ‘कुठे’चा रकाना रिकामा आहे. तो फॉर्म मी परत पाठवला नाही.